पाटकऱ्याच्या मुलीचा इंग्रजी कालवा

इंग्लंडमध्ये येऊन मी आयुष्यातले बरेचसे रविवार चिखलात काढले, हे वेम्बलीच्या आमच्या नणंदबाईंना अजून खरं वाटत नाही. त्यांच्या मते माणूस एवढा समुद्र ओलांडून येतो तो चिखलातून सुटायला. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहिते आहे असं सांगितलं, तेव्हा त्या फोनवर काळजीने म्हणाल्या, "वहिनी, ऑफिसचंच लिहा हं, त्या गटाराचं नको." मी गटाराचंच लिहिणार आहे. ऑफिस ओघाने येईल, कारण या हकिगतीत ऑफिस आणि गटार एकमेकांपासून सोडवणं मलाही कधी जमलं नाही.

मी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ड्रेनेज सेक्शनमध्ये ड्राफ्ट्सवुमन होते. इंजिनियर साहेब पेन्सिलीने जे गिरगटतील ते ट्रेसिंग पेपरवर शाईने नीट उतरवून द्यायचं, हे माझं काम. रस्त्याखालून पाण्याचा पाईप कुठून निघतो, किती खोल जातो, कुठे वळतो. चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, नखाने कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ मारायची. नाशिकच्या आयटीआयमध्ये शिकलेलं सगळं इथे जसंच्या तसं उपयोगी पडलं. फरक एवढाच की तिथे घाम टिपत रेघा मारायच्या आणि इथे हीटरला पाय चिकटवून. गाव मँचेस्टरच्या उत्तरेचं, कापडगिरण्यांचं. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील आणि गप्प बसतील.

आमच्या घरामागे कालवा होता. म्हणजे नकाशात होता. कापूस आणि कोळसा वाहणाऱ्या होड्यांसाठी तो जुन्या काळी हाताने खणलेला. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने होडी ओढायचा. त्या काठच्या वाटेला टोपाथ म्हणतात. पुढे गिरण्या बंद पडल्या, होड्या गेल्या आणि गावाला घरात जे जे नको झालं ते सगळं कालव्यात गेलं. ऐंशीच्या दशकात एकदा टोपाथच्या कुंपणाला पुठ्ठा लटकलेला दिसला. कालवा पुन्हा सुरू करायचा आहे, रविवारी नऊला या, गमबूट आणा, चहा मिळेल.

माझे वडील प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते. पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेताला पाणी सोडणारा तो पाटकरी. माझं लहानपण पाटाच्या कडेने त्यांच्या मागे चालण्यात गेलं. त्यामुळे कालवा म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, त्यात पाणी असो वा फुटका फ्रिज.

आमचे हे, म्हणजे अशोक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. मी गमबूट घालताना त्यांनी पेपर खाली केला. "अगं, संडेला लोक गार्डन सेंटरला जातात. तू दुसऱ्यांचं रबिश उचलायला निघालीस? अँड फॉर फ्री?"

"चहा देणार आहेत ना," मी म्हटलं आणि निघाले.

तिथला मुकादम रॉन. गिरणीत माग दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. आता मागही नव्हते आणि गिरणीही, तेव्हा त्याने कालवा दुरुस्तीला घेतला होता. बोलणं कमी, ओरडणं जास्त. सलवार-कमीजवर गमबूट घालून आलेल्या मला त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फावडं धरलंयस कधी, लव्ह?" तिकडे दुकानदारापासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात.

"माझे वडील कालव्यावरच होते," मी ऐटीत सांगितलं.

तो एकदम खूश झाला. "होडी चालवायचे?"

"नाही. पाणी द्यायचे."

"कुणाला?"

"उसाला."

रॉनने क्षणभर विचार केला आणि माझ्या हातात फावडं दिलं.

माझी पहिली मोठी कामगिरी दुसऱ्याच महिन्यात झाली. आमच्या टापूच्या एका टोकाला, मोठ्या कालव्याच्या बाजूला, दोन लॉक दुरुस्त होऊन चालू झाले होते. लॉक म्हणजे होडीला चढ चढवायची युक्ती. दगडी खोली, तिला वरच्या बाजूला एक दार आणि खालच्या बाजूला एक. होडी आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरच्या झडपा उघडून पाणी सोडायचं. खोली भरते तशी होडी वर येते. झडपा उघडायला एक वाकडी लोखंडी किल्ली असते. नियम एकच, वरच्या आणि खालच्या झडपा एका वेळी उघड्या ठेवायच्या नाहीत. रॉनने तो मला दोनदा सांगितला. मी दोन्ही वेळा मान हलवली, आणि आपण मान कशी हलवतो ते आपल्याला ठाऊक आहे.

रॉन चहाला गेला. लॉकमध्ये शेवाळ, बाटल्या आणि पानांचा गाळ तुंबलेला. पाटात गवत अडकलं की बाबा काय करायचे? सगळी दारं उचलायची, पाण्याचा लोंढा सोडायचा, घाण आपोआप वाहून जाते. मी किल्ली घेतली आणि वरच्या-खालच्या चारही झडपा सताड उघडल्या. पाणी असं धावलं की काय सांगू. मला बाबांची आठवण आली आणि मी कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत उभी राहिले.

जरा वेळाने टोपाथवरून एक गृहस्थ सपाता घालून चालत आले. त्यांच्या पँटवर टोमॅटोचं सूप सांडलेलं होतं. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माफ करा, तुम्ही आमचं पाणी पाहिलंत का?"

दोन लॉकच्या मधल्या टप्प्यात तीन होड्या बांधलेल्या होत्या. त्या तिन्ही आता चिखलात कलंडून बसल्या होत्या, आणि हे गृहस्थ त्यांतल्या एकीत जेवायला बसले होते. रॉन धावत आला, त्याने झडपा पाडल्या आणि ओरडला नाही. तो ओरडला नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

"पाणी कुठे चाललंय असं वाटलं तुला?" त्याने विचारलं.

"शेतात," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

पुढचे दोन महिने मी फक्त चहा करायच्या कामावर होते. बाबांना पत्रातून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की ज्या कालव्याचं पाणी कुठेही जात नाही त्याला एवढी माणसं कशाला लागतात ते कळत नाही, आपल्याकडे पाणी असं उभं राहिलं तर डास होतात, प्रकृतीला जप. बाबांनी हा कालवा कधी पाहिला नाही. मी त्यांना बोलवायला हवं होतं, आणि दरवर्षी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत राहिले, याचं मला वाईट वाटतं.

चहावरून सुटका झाल्यावर मी नियमित खणू लागले. चिखलातून काय निघेल याचा नेम नव्हता. बाबागाड्या, दार नसलेली तिजोरी, एकदा तर कवळी. रॉनने ती धुऊन कुंपणाच्या खांबावर ठेवली, आणि पुढच्या रविवारी ती गेलेली होती. कुणी नेली यावर आमचा अख्खा हिवाळा बोलण्यात गेला. मग एक हिरव्या छत्रीखाली बसणारा म्हातारा होता. गुडघाभर गढूळ डबक्यात तो वर्षानुवर्षं गळ टाकून बसे. तुम्ही कालवा साफ करताय याची आपण लेखी तक्रार केली आहे, असं त्याने मला सांगितलं.

"इथे मासे आहेत?" मी विचारलं.

"नाहीत. म्हणूनच मी इथे येतो," तो म्हणाला.

अशी तीन-चार वर्षं मजेत गेली. एकच गोष्ट मी तिथे कुणाला सांगितली नव्हती, ती म्हणजे माझी नोकरी. "ऑफिसात असते" एवढंच म्हणायची. कारण या मंडळींच्या तोंडी कौन्सिलचं नाव आलं की पाठोपाठ जे शब्द यायचे, ते मी इथे लिहिले तर संपादक कापतील. आपण होऊन कशाला अंगावर घ्या, असा माझा साधा हिशेब.

मग पुलाचं प्रकरण आलं. आमच्या टापूच्या मधोमध रस्त्याचा जुना दगडी पूल होता. उंटाच्या पाठीसारखा. त्यावरून लॉऱ्या नीट जाईनात, म्हणून कौन्सिलने तो पाडून रस्ता सपाट करायचं ठरवलं. आमचे साहेब, मिस्टर हॅलिवेल, पेन्सिलीचं रेखाटन घेऊन माझ्या टेबलाशी आले. रस्ता सपाट, आणि खालून पाणी जायला एक पाईप. माझ्या कमरेएवढ्या व्यासाचा. त्यातून मांजर गेलं असतं, होडी नाही. पुलाच्या पलीकडचा सगळा कालवा, म्हणजे रॉनच्या माणसांनी इतकी वर्षं उपसलेला अर्धा मैल, कायमचा डबकं होऊन बसणार होता.

मी शाई भरत विचारलं, "होड्यांसाठी उंच पूल नाही का करता येणार?"

"करता येईल, मिसेस साळवे," साहेब म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते, कुणालाही पहिल्या नावाने हाक मारत नसत. "पण तिथे पाणीच ठरत नाही. कोरड्या चरावर उंच पूल बांधा असं मी कमिटीला कोणत्या तोंडाने सांगू?"

बातमी गावच्या पेपरात आली. कमिटी उन्हाळ्यात जागा पाहायला येणार आणि मग पाईप की पूल ते ठरवणार. रॉनने त्या रविवारी सगळ्यांना गोळा केलं. त्या दिवसापर्यंत या अर्ध्या मैलात पाणी ठरलं पाहिजे, नाहीतर खेळ खलास, एवढंच तो बोलला. आणि मी, सोमवार ते शुक्रवार पाईप काढणारी बाई, सगळ्यांबरोबर मान हलवून फावडं घ्यायला गेले.

कालव्यात पाणी ठरतं ते चिकणमातीच्या थरामुळे. ती नुसती पसरून भागत नाही. पाणी शिंपडत तुडवावी लागते, तिच्यातली सगळी हवा जाऊन ती चिवट होईपर्यंत. पूर्वी म्हणे त्यासाठी गुरं फिरवत. आमच्याकडे गुरं नव्हती, तेव्हा आम्ही होतो. इंग्रज मंडळी कवायत केल्यासारखी धपाधप पाय आपटत. मी पुरणपोळीची कणीक तिंबणारी बाई. मला लगेच कळलं की हे आपटायचं काम नाही, टाचेने दाबून पुढे ढकलायचं काम आहे. मी गमबूट काढून उतरले. थंडीने जीव गेला, पण माती कशी लागते ते तळव्याला कळू लागलं. थोड्याच दिवसांत रॉन माती कुठे तयार झाली, कुठे नाही, हे मला विचारू लागला. "हिला पाय आहेत," तो नवीन लोकांना सांगायचा. त्याच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती आणि मी घरी जाऊन ती अशोकना दोनदा ऐकवली.

पाणी आत घेतलं. पाण्यात एक काठी रोवली आणि पाण्याच्या रेघेवर खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी पाणी खिळ्याच्या दोन बोटं खाली. आठवड्याने तळाचा चिखल दिसू लागला. आम्ही पुन्हा माती आणली, पुन्हा तुडवली, पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच. रॉन उलट्या ढकलगाडीवर बसला. त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"म्हणजे त्यांचंच खरं," तो म्हणाला. "नाही ठरत."

त्याच आठवड्यात ऑफिसात पुलाच्या कामासाठी आसपासचे जुने पाईप तपासायचे होते. मी नकाशांचा कप्पा उघडला, एकेक कागद काढत गेले आणि एका कागदाशी हात थांबला. नव्या घरांचं पावसाचं पाणी ओढ्यात नेणारा एक पाईप, कालव्याच्या तळाला आडवा छेदून गेलेला. कालव्यावर स्टेन्सिलने सुबक अक्षरांत लिहिलेलं, 'वापरात नसलेला कालवा'. पाईपसाठी तळाचा चिकणमातीचा थर कापून चरात खडी भरायची, अशी सूचनाही होती. खडी. म्हणजे आम्ही दोन वेळा चाळणीवर कणीक थापली होती. उजव्या कोपऱ्यात 'काढणार' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं होती. नोकरीतलं पहिलं वर्ष. आणि 'तपासणार' पुढे हॅलिवेल साहेबांची सही.

तो कागद मी परत कप्प्यात ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बाहेर काढला. संध्याकाळी घरी येऊन अशोकना सांगितलं.

"म्हणजे बॉसला जाऊन सांगणार, की युअर सिग्नेचर इज ऑन इट?" ते म्हणाले. "जॉब जाईल तुझा. आणि तुझ्या त्या रॉनला काय सांगणार? की भोक मीच पाडलं?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं, त्यात साखर टाकली आणि म्हणाले, "फोटोकॉपी काढून ठेवलीस का?"

सकाळी मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तुम्ही काढलंय, मिसेस साळवे."

"हो. आणि तुम्ही तपासलंय," मी म्हटलं. कसं म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांनी 'वापरात नसलेला कालवा' या अक्षरांवर बोट ठेवलं. "आपण तेव्हा कालव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नाही का?" असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग एकदम साहेबी आवाजात, "आपणच भोक पाडायचं आणि पाणी ठरत नाही म्हणायचं, हे कमिटीपुढे चालणार नाही. गुरुवारी माणसं आणि यंत्र पाठवतो. खडी काढून पाईपभोवती माती भरायची. तुम्हाला मातीतलं कळतं असं मी ऐकलंय." कुणाकडून ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी रविवारी कुठे असते हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

खरी अवघड गोष्ट त्याआधीच्या रविवारची होती. आयत्या वेळी कौन्सिलची माणसं बघून रॉनला कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. मी कौन्सिलची. गळती कुठे आहे ते सापडलंय. ती ज्या पाईपमुळे आहे त्याचं ड्रॉइंग मीच काढलेलं आहे.

रॉनने विचारलं, "इतके दिवस तू कौन्सिलची होतीस?"

"हो."

"आणि आमच्याबरोबर बसून चहा पीत होतीस."

"हो."

तो उठला, फावडं उचललं आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन एकटा खणू लागला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. मी हातभर अंतरावर असले तरी दुसऱ्याला सांगायचा, "तिला म्हणावं बादली दे." मी बादली द्यायची. नोकरी जाईल या भीतीने माझी रात्रभर झोप उडाली होती, पण नोकरी गेली नाही. हे मात्र गेलं, आणि मला ते फार लागलं. तरी मी एकही रविवार चुकवला नाही.

गुरुवारी खडी निघाली, शुक्रवारी माती भरली. कौन्सिलच्या दोन धिप्पाड माणसांना मी अनवाणी माती तिंबायला शिकवली. पाणी घेतलं. खिळ्याशी टेकलेलं पाणी आठवडाभर हललं नाही, दोन आठवडे हललं नाही.

कमिटी चांगले बूट घालून आली आणि टोपाथवरून जपून चालली. हिरवी छत्री नेहमीच्या जागी होती. अध्यक्षबाईंनी हसून विचारलं, "मासे लागतात का?"

"दुर्दैवाने," म्हातारा म्हणाला. त्याच्या बादलीत दोन होते.

पूल मंजूर झाला. त्याचं ड्रॉइंग मीच काढलं. पाण्यापासून पुलाच्या पोटापर्यंत किती उंची ठेवायची यावर मी साहेबांशी तीन वेळा वाद घातला. "मिसेस साळवे, खालून होड्या जायच्यात, जहाज नाही," ते वैतागून म्हणाले, पण शेवटी अर्धा फूट वाढवून दिला. निधी यायला, जुना पाडायला, नवा बांधायला दोनेक वर्षं गेली. त्या सगळ्या काळात रॉनने माझ्याशी थेट एक शब्द काढला नाही.

पहिली होडी जायची त्या शनिवारी अख्खं गाव लोटलं होतं. मी आणि अशोक टोपाथवर गर्दीच्या मागे उभे होतो. रंगवलेली लांबलचक होडी निघाली, मागे सुकाणूवर रॉन, टाय लावलेला. पुलाच्या अलीकडे आल्यावर त्याने इंजिन बंद केलं. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं. तो गर्दीवरून नजर फिरवत होता.

"कौन्सिल," तो ओरडला. "ये इकडे."

दोन वर्षांनी. लोकांनी वाट दिली. अशोकनी माझी पर्स धरली आणि मी होडीत चढले.

"पुढे जाऊन उभी राहा. पुलाखाली गेलो की हात वर कर."

मी होडीच्या नाकाशी जाऊन उभी राहिले. इंजिन सुरू झालं. पुलाची सावली अंगावर आली, गारवा आला. पुलावरच्या लोकांचे आवाज एकदम लांब गेले. मी हात वर केला. मी पाच फूट दोन इंच. टाचा उचलल्या, बोटं ताणली. वर नुसती हवा होती.

"पोचतो का?" मागून रॉनने विचारलं.

"नाही पोचत," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

होडी पुलाच्या पलीकडे उन्हात आली तेव्हा दोन्ही काठांवरून लोक टाळ्या वाजवत होते. मी ढसाढसा रडत होते, आणि हात खाली घ्यायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.